समुद्र वर असलेला नकाशा

मी सासूबाईंविषयी लिहायला बसलोय हे कळल्यावर विनिताने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिला प्रश्न विचारला, "नकाशाचं लिहिणार का?" लिहिणार. न लिहून लपवू कुणापासून? बावखल आळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ती गोष्ट पाठ आहे. मी लिहिली तर निदान माझी बाजू तरी कुठेतरी नोंदली जाईल.

सासूबाईंचं नाव पुतळाबाई. त्यांची आळी वसईकडे, निर्मळच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून सुरू होते आणि सरळ समुद्राकडे जाते. मध्यावर बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं छोटं गोड्या पाण्याचं तळं. रस्त्याकडून आत शिरलं की डाव्या हाताच्या रांगेत सासूबाईंचं घर, उजव्या हाताच्या रांगेत बरोब्बर समोर फर्डिनंडकाकांचं. दोघांच्याही घरामागे वाडी. केळी दोघांकडे, पण सासूबाईंचा जीव मोगऱ्यात आणि काकांचा दुधी-पडवळात.

मी देवरुखकडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, राहायला नालासोपारा पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर. एकोणनव्वदला लग्न झालं आणि नव्वदच्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक लागली. नवा जावई म्हणून मी कौतुकाने गेलो, तर चहा पुढे सरकवायच्या आधी सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, केंद्र किती वाजता उघडतं ते नक्की सांगा. सात म्हणजे सात, की सहा पंचावन्न?"

मला वाटलं, बाईंना लोकशाहीची फार आस्था. आस्था होतीच. पण खरं कारण बावखलाच्या कठड्यावर होतं. तिथे चुन्याचे फराटे ओढलेले होते, डावीकडे दोन, उजवीकडे चार. बासष्ट सालापासून आमदारकीच्या प्रत्येक निवडणुकीत आळीच्या शाळेत पहिलं मत कुणी टाकलं, त्याचा तो हिशेब. डावे फराटे पुतळाबाईंचे, उजवे फर्डिनंडकाकांचे. तिसऱ्या कुणी कधी मध्ये यायची हिंमत केली नाही. खासदारकीची आणि पंचायतीची निवडणूक दोघेही धरत नसत, ती त्यांच्या मते सरावाची.

सुरुवात झाली ती अशी. बासष्टला सासूबाई नवी नवरी होत्या. घरच्या मोठ्या बाईने सांगितलं होतं, आधी पुरुषांचं होऊ दे, मग बायका जातील. या चुलीवर भात ठेवून गेल्या. शाळेच्या दारात पंचविशीतले फर्डिनंडकाका नंबर लावून उभे. "बाईमाणसाला पुढे जाऊ दे," असं म्हणून या आत शिरल्या, मत टाकलं आणि भात करपायच्या आत परत आल्या. काकांनी ते सत्तेचाळीस वर्षं मनात ठेवलं. सदुसष्टला त्यांनी स्वतःच्या मावशीलासुद्धा पुढे जाऊ दिलं नाही.

माझे सासरे या सगळ्यात कुठे होते? ते दुपारची झोप काढून साडेतीनला जायचे आणि कुणालाही न सांगता परत यायचे. फार शहाणा माणूस.

तर नव्वद साली काका चार वाजल्यापासूनच शाळेच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसले. सासूबाई सात वाजता डोक्यात गजरा माळून आरामात आल्या आणि काकांच्या शेजारून न थांबता शाळेच्या मागे गेल्या. त्या वर्षी मतदारांचा प्रवेश मागच्या दाराने होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी शाळेच्या शिपाईणीला दोन ओंजळी मोगरा देऊन ही माहिती काढून घेतली होती. काका पुढच्या दारावर थापा मारत राहिले. तीन-चार.

पंच्याण्णवला फोटोचं ओळखपत्र आलं. काकांना त्याचा भारी अभिमान. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणलं, सगळ्यांच्या आधी टेबलावर ठेवलं. केंद्रावरच्या साहेबांनी कार्ड पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. नाव फर्डिनंड, वडिलांचं नाव बरोबर, घर नंबर बरोबर, आणि फोटो एका नऊवारीतल्या म्हातारीचा. "हे तुम्ही?" साहेबांनी विचारलं. काका समजावून सांगत असताना सासूबाई नुसती चिठ्ठी दाखवून पुढे सरकल्या. जाता जाता म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय." चार-चार.

नव्व्याण्णवला लोकसभा आणि विधानसभा एकदमच. प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका. सासूबाई पहिल्या आत गेल्या, पण त्यांना प्रत्येक कागदाची घडी नीट लागते. साडी घडी करावी तशा त्या मतपत्रिका घडी करत बसल्या. काका मागून आले, शिक्का मारला, चुरगळल्यासारखी घडी केली आणि पेटीत टाकून मोकळे. मग सहा महिने वाद. खोलीत पहिलं पाऊल कुणाचं हे धरायचं, की पेटीत पहिला कागद कुणाचा? शेवटी सासूबाईंनीच मान्य केलं, "मत म्हणजे पेटीत पडलेलं मत." उजवीकडे पाचवा फराटा त्यांनी स्वतः ओढला. चार-पाच.

दोन हजार चारला यंत्र आलं. काका पुन्हा पहिले, आणि डाव्या हाताच्या तर्जनीला हे जाड बँडेज. आदल्या दिवशी केळीचा घड उतरवताना कोयता लागला होता. शाई लावायची कुठे? साहेब म्हणाले, पट्टी सोडा. काका म्हणाले, रक्त वाहील. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं, आणि ते पानं उलटत असताना सासूबाईंनी आपलं बोट शाईवाल्या बाईसमोर धरलं. आता ऐका. तो घड उतरवायला काकांना कुणी सांगितलं होतं? सासूबाईंनी. घरात पूजा आहे, एक घड दे म्हणून. पूजा होती हे मी शपथेवर सांगतो, ड्यूटीवरून परतल्यावर मीच बसलो होतो पूजेला. पण काकांचा अजून विश्वास नाही.

पाच-पाच.

यातलं सगळं मी ऐकून सांगतोय, कारण प्रत्येक निवडणुकीत माझी ड्यूटी भलतीकडेच. कधी जव्हार, कधी वाडा. निवडणूक म्हटली की मास्तरला सुट्टी नाही. त्यात मतदार याद्यांचं काम कायमचं गळ्यात. नव्वदच्या दशकात आमच्या पूर्वेला इमारती अशा उगवत होत्या की, सोमवारी यादी केली तर शुक्रवारी मध्ये एक नवी चाळ उभी. तिला नाव नाही, नंबर नाही. मी पत्त्यात लिहायचो, 'पाण्याच्या टाकीमागे, निळ्या पत्र्याशेजारी'. पुढच्या वर्षी टाकीही नाही आणि पत्राही नाही, माणसं मात्र दुप्पट.

तरी मतदारसंघ सगळ्यांचा एकच होता, वसई. अर्नाळ्याचा कोळी, निर्मळचा माळी, जूचंद्रचा मिठागरवाला आणि आमच्या इमारतीतला चर्चगेटचा कारकून, सगळे एकाच आमदाराला शिव्या द्यायचे. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि नालासोपारा वेगळा निघाला. आमच्या बाजूला हद्द ठरली ती मोठा रस्ता. रस्त्याच्या पूर्वेला नालासोपारा, पश्चिमेला वसई. बावखल आळी सगळीच्या सगळी पश्चिमेला. शंकेला जागाच नव्हती. जागा मी करून दिली.

दोन हजार आठला माझी बदली आळीच्या शाळेत झाली, आणि त्याबरोबर मी त्या केंद्राचा बीएलओ झालो. केंद्रस्तरीय अधिकारी! विनिता तीन दिवस मला 'अहो अधिकारी' म्हणून हाक मारत होती. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात विधानसभेसाठी याद्या पुन्हा लावायचं निघालं. प्रत्येक यादीच्या सुरुवातीला नजरी नकाशा जोडावा लागतो. मोजमाप नाही, नुसतं डोळ्यांनी पाहून काढलेलं चित्र. घरं, विहिरी, देऊळ, चर्च, कोण कुठे राहतं.

मी बावखलाच्या कठड्यावर कागद पसरून बसलो. अर्धी आळी जमली. कुणी म्हणे माझा पेरू दाखवा, कुणी म्हणे शेजाऱ्याचं कुत्रं दाखवा म्हणजे पाहुणे सावध होतील. मी वरच्या कडेला उत्तर लिहायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "समुद्र कुठे काढताय?"

"डावीकडे, आई. पश्चिमेला."

"डावीकडे? समुद्र वर काढा, जावईबापू. आपण तोंड करून उभे राहतो ते समुद्राकडे. वारा तिकडून येतो, मासळी तिकडून येते. खाली रस्ता, वर समुद्र. उभा समुद्र कधी पाहिलाय कुणी?"

मी नकाशाचे नियम सांगणार होतो. पण पलीकडून फर्डिनंडकाका म्हणाले, "मास्तर, या एका गोष्टीत ती बरोबर बोलते."

सत्तेचाळीस वर्षांत ही दोन माणसं पहिल्यांदा कशावर तरी सहमत झाली होती. त्या आनंदात माझं डोकं फिरलं. अठरा वर्षं चौथीच्या वर्गाला 'नकाशात वर नेहमी उत्तर' हे घोकून घेणाऱ्या मास्तरने समुद्र वर काढला. लाटा काढल्या, होडी काढली. खाली रस्ता, मधून उभी आळी, डावीकडे सासूबाईंची रांग, उजवीकडे काकांची. बावखलात बदक काढलं. उत्तरेचा बाण काढायचा राहून गेला. कचेरीत नकाशा देताना मला स्वतःचाच हेवा वाटत होता.

कचेरीत तो ज्याच्या टेबलावर गेला, त्याला बिचाऱ्याला असे चारशे नकाशे लावायचे होते. त्याने वरची बाजू उत्तर धरली, धरणारच. मग माझी उभी आळी त्याला उत्तर-दक्षिण जाणारा मोठा रस्ता वाटली. रस्त्याच्या पश्चिमेला, म्हणजे डावीकडे, पुतळाबाईंची रांग: वसई मतदारसंघ. रस्त्याच्या पूर्वेला, म्हणजे उजवीकडे, फर्डिनंडकाकांची रांग: नालासोपारा मतदारसंघ. समुद्राच्या त्या सुंदर लाटा त्याला बहुतेक ढग वाटल्या असाव्यात.

हे मला कळलं ते मतदानाच्या आठ दिवस आधी, चिठ्ठ्या वाटताना. माझ्या गठ्ठ्यात उजव्या रांगेच्या चिठ्ठ्याच नाहीत. त्यांचं केंद्र मोठ्या रस्त्यापलीकडे, नव्या इमारतींमधल्या एका शाळेत. सायकल तशीच कचेरीकडे पिटाळली.

तिथल्या साहेबांनी नकाशा शोधून काढला. बराच वेळ पाहत राहिले.

"गुरुजी, नकाशात वर काय असतं?"

"उत्तर."

"मग हा समुद्र उत्तरेला कसा गेला?"

त्यांनी बोट खाली सरकवलं.

"आणि हे काय आहे?"

"बदक, साहेब."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होते की रडत होते, कळलं नाही. म्हणाले, यादी अंतिम झाली आहे, आता ब्रह्मदेव आला तरी काही करता येणार नाही. निवडणूक झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि कृपा करून नकाशा दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या.

संध्याकाळी मी दोघांनाही कठड्यावर बोलावून सांगून टाकलं. सासूबाईंचा चेहरा आधी उजळला. "म्हणजे माझ्या शाळेत हा नाहीच? मग मी बिनविरोध. सहा-पाच!"

"बिनविरोध धरायचं नाही," काका ओरडले. "आणि मी माझ्या केंद्रावर पहिला आलो तर माझेही सहा. सहा-सहा!"

मग ते आपल्या घरच्या बोलीत भांडायला लागले. ती बोली मला वीस वर्षांत निम्मीच कळली आहे, पण माझं नाव त्यात बऱ्याचदा येत होतं. शेवटी दोघेही दमले. काका कठड्यावरच्या पाच आणि पाच फराट्यांकडे पाहत म्हणाले, "मास्तर, यंदा निकाल लागणार होता हो." यंदा माणूस बहात्तर वर्षांचा, पुढच्या निवडणुकीला सत्त्याहत्तरचा. पुढची कुणी पाहिली आहे? एवढी वर्षं चाललेला सामना मी एका बदकापायी मोडला होता.

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर टेबल टाकून यादी घेऊन बसलो. सासूबाई सहालाच आल्या. नवं हिरवं लुगडं, गजरा, हातात चिठ्ठी. पहिला नंबर. सातला दार उघडलं.

त्या हलल्या नाहीत.

"आई, चला," मी म्हणालो.

"जरा थांबते." मागच्या बाईला म्हणाल्या, "तू जा गं, तुझी गाडी चुकेल." ती गेली. मग तिच्या मागचा, मग त्याच्या मागचा. आठ वाजेपर्यंत साठ माणसं आत जाऊन आली. सासूबाई दाराशेजारी चिठ्ठी धरून उभ्या, आणि नजर रस्त्याकडे. मतदान अधिकारी बाहेर येऊन विचारून गेले, आजींना काही त्रास होतोय का. "त्रास कसला? वाट बघतेय," त्या म्हणाल्या.

"कुणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं. सासूबाईंनी पुढच्या माणसाला आत जायची खूण केली.

दहा वाजता त्या माझ्या टेबलाशी आल्या. "विनिताला फोन लावा. स्कूटर घेऊन तिकडे जाऊन बघ म्हणावं, तो म्हातारा पहिला लागला का."

मी फोन लावला. वीस मिनिटांनी विनिताचा फोन आला. ती इतकी हसत होती की मला तीनदा विचारावं लागलं. फर्डिनंडकाका साडेसहापासून त्या शाळेच्या फाटकाशी उभे होते. पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "तुम्ही व्हा पुढे." दोनशेवर माणसं पुढे गेली होती. विनिताने विचारलं, काका, का नाही जात? तर म्हणाले, "इथे मी कुणाच्या आधी जाऊ? एकालाही ओळखत नाही."

मी ते सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पदर खोचला. "तिला म्हणावं इकडे ये आणि मला घेऊन जा."

"आई, आधी तुमचं मत देऊन टाका ना. दार समोर आहे. दोन मिनिटांचं काम."

"तुम्ही यादी सांभाळा," त्या म्हणाल्या आणि स्कूटरवर बसून निघून गेल्या. एकाहत्तर वर्षांच्या बाई स्कूटरवर पहिल्यांदाच बसत होत्या. जाताना एक हात विनिताच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताने गजरा धरलेला.

पुढचं विनिताने पाहिलेलं. सासूबाई उतरल्या आणि भर फाटकात ओरडल्या, "इथे काय देवळातल्या घंटेसारखा लटकलायस? जा आत!"

"तू दिलंस?"

"ते तुला काय करायचंय? जा. मी इथे उभी आहे, बघतेय."

काका ताठ झाले. सदरा ओढून सरळ केला आणि आत गेले. यंत्राची शिट्टी बाहेरपर्यंत ऐकू आली. बाहेर आले ते शाईचं बोट वर करूनच. मग तिघेही त्या एका स्कूटरवर बसून आले. कायद्याने ते चालत नाही, पण त्या दिवशी सगळे पोलीस बंदोबस्तात होते.

आमच्या शाळेच्या दारात काका थांबले आणि सासूबाई आत गेल्या. मी टेबलावरून पाहत होतो. शाई लावली, शिट्टी वाजली, त्या बाहेर आल्या. काकांनी त्यांच्या बोटावरची शाई निरखून पाहिली. ओली होती. मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. ती वाळलेली होती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजाडलं.

"म्हणजे तू आत्ता दिलंस? माझ्यानंतर?"

"मग?"

"म्हणजे मी आधी! पुतळाबाई, मी आधी! पाच-सहा!" बहात्तर वर्षांच्या माणसाने शाळेच्या अंगणात अशी उडी मारली की बंदोबस्तावरचा शिपाई धावत आला. काका त्याच्याही गळ्यात पडले आणि चुन्याचं डबडं शोधायला बावखलाकडे पळाले.

सासूबाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. मला राहवलं नाही. "आई, सकाळी सात वाजता दारात पहिल्या उभ्या होतात. तेव्हाच देऊन टाकलं असतं तर सहा-पाच तुमचे होते."

"होते ना."

"मग?"

त्यांनी सावकाश पाणी प्यायलं. तोंड पुसलं. आळीकडे पाहिलं, तिकडे काका कठड्यावर ओणवे होऊन फराटा ओढत होते आणि पोरं टाळ्या वाजवत होती.

"जिंकले असते तर झालं असतं, जावईबापू. निकाल लागला, संपलं. आता मी एकाने मागे आहे. पुढची जिंकल्याशिवाय मला मरता येत नाही. आणि मला जिंकू द्यायचं नाही, म्हणून त्यालाही मरता येत नाही."

मी यादीत डोकं घातलं. पुढची पाच-सात नावं मला नीट दिसली नाहीत.

निवडणूक झाल्यावर मी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि साहेबांच्या हातापाया पडून नकाशाही स्वतःच काढला. वर उत्तर, बाण ठळक, रस्ता उजवीकडे, समुद्र डावीकडे, आळी आडवी. बदक नाही. कचेरीत द्यायच्या आधी दोघांना दाखवायला नेला. सासूबाईंनी तो हातात धरला, मान तिरकी केली, आणि मग कागदच फिरवून समुद्र वर केला.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. काकांनी मान डोलावली.